शंकेचा रकाना

पहाटे ५.००

स्क्रीनवर पिवळसर ठिपक्यांचा पुंजका. मधोमध एक मोठा गोळा, कडा विरत गेलेल्या. भोवती त्याच रंगाचे पंधरा-वीस लहान गोळे. कोपऱ्यात एक निळसर सर्पिल दीर्घिका आहे, पण ती फार अलीकडची, वाटेत आलेली. संगणकाचं म्हणणं, हा दीर्घिकांचा गुच्छ आहे. मी तीन रकान्यांपैकी एक भरायचा: हो, नाही, शंका. इथे ‘हो’ लिहिलं. पुढचं चित्र.

२०२५ चा डिसेंबर आहे. कृषी महाविद्यालयात रोज सकाळी मोजला जाणारा पारा पाच-सहा अंशांवर आला की पेपरात धुळे गारठल्याची बातमी येते, आणि त्या दिवसांत माझं काम सर्वांत चांगलं होतं. घर झोपलेलं असतं, नेट धावतं, फोन वाजत नाही. अंगावर शाल, पायांत दोन-दोन मोजे.

लोकांना वाटतं मी रात्री दुर्बिणीला डोळा लावून बसते. चित्रं काढणाऱ्या दुर्बिणी अमेरिकेत किट पीकवर आणि चिलीत सेरो टोलोलोवर आहेत. त्यांनी तीन रंगांच्या गाळण्यांतून आकाशाचा मोठा भाग टिपला आणि ती सगळी चित्रं जगाला खुली केली. माझ्यासारख्या कॉलेजात शिकवणाऱ्या बाईला त्यातला चौकोनी तुकडा धुळ्यात बसून उघडता येतो. आमचा गट चार जणांचा. एक पुण्यात पीएचडी करतो, एक सर सोलापूरकडे शिकवतात, एक बाई बंगळुरात आहेत, आणि मी.

५.४५

आता गमतीचे नग. एका चित्रात संगणकाने चाळीसेक दीर्घिकांची दाटी सांगितली आहे. प्रत्यक्षात तिथे एकच जवळची, मोठी सर्पिल दीर्घिका आहे. तिच्या भुजांतल्या प्रत्येक तेजस्वी गाठीला सॉफ्टवेअरने स्वतंत्र दीर्घिका ठरवलं. नाही. पुढच्यात एका ठळक ताऱ्याच्या झळाळीने अर्धं चित्र धुऊन गेलं आहे, उरलेल्या अर्ध्यात पाच-सहा पिवळे गोळे. इथे ‘नाही’ लिहिणं सोपं. पण झळाळीमागे काय आहे हे मला कुठे दिसतंय? शंका.

अशा चुका डोळ्याला चटकन कळतात. छळणारी चूक वेगळीच असते. लळिंगच्या किल्ल्यावरून रात्री धुळ्याकडे पाहिलं, की अलीकडच्या वस्तीचे दिवे, महामार्गावरच्या गाड्या आणि पलीकडचं शहर हे सगळं एकाच झगमगाटात मिसळतं. आकाशातही तेच. एकाआड एक असलेले दोन लहान पुंजके आपल्याला एकच भरगच्च गुच्छ वाटतात. रंगावरून एका दीर्घिकेचं अंतर काढलं तर ते वीस-पंचवीस कोटी प्रकाशवर्षं इकडे-तिकडे सहज होतं, आणि गुच्छाचा स्वतःचा घेर जेमतेम कोटभर प्रकाशवर्षांचा. एवढ्या जाड पट्टीने एवढी बारीक वस्तू मोजायची. वर्णपट मिळाला तर अंतर नेमकं कळतं, पण वर्णपट एकेका दीर्घिकेचा स्वतंत्र घ्यावा लागतो. तो सगळ्यांच्या नशिबी नसतो.

६.३०

नळाला पाणी येण्याचा दिवस. लॅपटॉप बंद.

सासूबाई अंगणात पिंप लावताना विचारतात, “इतल्या चांदण्या मोजीसन काय भेटस तुले?” चांदण्या नाहीत हो, दीर्घिका, असं मी पूर्वी सांगायचे. आता म्हणते, “काहीच नही.” त्या खूश होतात, मी बादली उचलते.

८.१५

कॉलेज. पहिला तास उष्मागतिकीचा. त्याविषयी सांगण्यासारखं काही नाही. नंतर तृतीय वर्षाचं प्रॅक्टिकल आहे, आणि ते मला आवडतं.

सोडियमचा दिवा आधी गुलाबी पेटतो आणि हळूहळू पिवळा होतो. तोवर पोरं स्पेक्ट्रोमीटरचं टेबल पातळीत आणतात, ग्रेटिंग बसवतात, नळीतून डोकावतात. बहुतेकांना एकच पिवळी रेघ दिसते. फट बारीक करायला सांगितली की मग कुणीतरी ओरडतं, “मॅडम, दोन आहेत!” ५८९० आणि ५८९६ अँगस्ट्रॉम. याच वेळी मी विषय थोडा वाकडा नेते. ही जोडगोळी चारशे कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेतून आली तर कुठे दिसेल? वाटेत विश्व प्रसरण पावलं, तरंग ताणला गेला. तिथला रेडशिफ्ट साधारण ०.२८, म्हणजे ५८९० ला १.२८ ने गुणा. साडेसात हजारांच्या वर. पिवळी रेघ गडद लालच्याही काठावर गेली. कॅल्क्युलेटर निघतात, दोघांचा गुणाकार चुकतो, तिसरी मुलगी बरोबर सांगते.

पण गुच्छ शोधणाऱ्यांना सोडियमपेक्षा कॅल्शियम जास्त उपयोगी. गुच्छातल्या मोठ्या दीर्घिका बहुतेक म्हाताऱ्या असतात. त्यांच्यात नवे तारे जन्मणं कधीच थांबलेलं असतं, अल्पायुषी निळे तारे मरून गेलेले असतात, आणि उरलेल्या ताऱ्यांच्या वातावरणातलं कॅल्शियम व इतर धातू ४००० अँगस्ट्रॉमच्या अलीकडचा प्रकाश गिळतात. त्यामुळे वर्णपटात तिथे पायरी पडते: वर उजेड, खाली एकदम कमी. ०.२८ रेडशिफ्टला ही पायरी सरकून ५१२० वर येते, म्हणजे हिरव्या गाळणीच्या पट्ट्यात. हिरव्यात प्रकाश घटतो, लाल गाळणीत तसाच राहतो, म्हणून दीर्घिका जास्त लाल भासते. आणखी लांबची आणखी लाल.

आता एका गुच्छातल्या सगळ्या म्हाताऱ्या दीर्घिकांचं अंतर सारखं, वयही साधारण सारखं. तेजस्विता आडव्या अक्षावर आणि रंग उभ्या अक्षावर घेऊन ठिपके मांडले, की त्या एका ओळीत येतात. बाकीचं आकाश त्या आलेखावर विस्कटलेलं राहतं, ही ओळ मात्र रूळ टाकल्यासारखी सरळ. ग्लॅडर्स आणि यी यांनी २००० साली या लाल रांगेवरून गुच्छ शोधायची पद्धत मांडली. आजच्या बऱ्याचशा याद्या तिच्यावर उभ्या आहेत. अनंत आकाशातून गुच्छ हुडकायचा म्हणजे एका जागी एकाच रंगाची गर्दी शोधायची, एवढंच. हे मी फळ्यावर काढते. अभ्यासक्रमात ते नाही, आणि परीक्षेला येणार नाही म्हटल्यावर अर्धी मुलं वही मिटतात. उरलेली अर्धी मला पुरतात.

१.००

डबा. कळण्याची भाकरी, ठेचा, मुळा.

स्टाफरूममध्ये आज शनीचा विषय. मार्चमध्ये तो मीनेत आला तेव्हापासून एका सरांना साडेसातीची धास्ती आहे. मी त्यांना सांगते, शनी जिथे आहे त्याच दिशेला, पण त्याच्या कितीतरी कोटी पट पलीकडे, पुण्याच्या लोकांनी शोधलेला सरस्वती महासमूह आहे. ते म्हणतात, मग तोही वक्री आहे का?

२.००

प्रयोगशाळेमागच्या खोलीत एमएस्सीची दोन मुलं येतात. सकाळी मी पाहिलेली तीच चित्रं ती माझी उत्तरं न पाहता तपासतात. एकमेकांचीही पाहायची नाहीत, हा नियम. दोघांचं आणि माझं जुळलं तर नोंद पक्की, नाही जुळलं तर ती रात्रीच्या बैठकीत जाते.

नंदुरबारकडून येणारा मुलगा आज वैतागला आहे. “मॅडम, वेन आणि हान यांची २०२४ ची यादी आहे ना, पंधरा लाख ऐंशी हजार गुच्छांची. आपण ही शे-दोनशे बघून काय वेगळं करणार?”

प्रश्न चांगला आहे, म्हणून काम थांबवून चहा मागवला.

१९५८ साली जॉर्ज एबेलने २७१२ गुच्छांची यादी छापली. पालोमारच्या ४८ इंची श्मिट दुर्बिणीने घेतलेल्या, चौदा इंच चौरस काचेच्या प्लेटा त्याने भिंगाखाली घालून एकेक नजरेखालून काढल्या. त्या सर्वेक्षणात निरीक्षक म्हणून त्याने स्वतः रात्री काढल्या होत्या. यादी ही त्याच्या डॉक्टरेटच्या कामाची फलश्रुती. नियम त्याने आधी लिहून ठेवला. गुच्छातली तिसऱ्या क्रमांकाची तेजस्वी दीर्घिका घ्या, तिच्यापासून दोन प्रतींपर्यंत मंद असलेल्या किमान पन्नास दीर्घिका एका ठरलेल्या त्रिज्येच्या वर्तुळात हव्यात. तिसरीच का? पहिली-दुसरी कदाचित गुच्छातली नसेल, मध्येच आलेली पाहुणी असेल. अंतराच्या अंदाजासाठी त्याने दहाव्या क्रमांकाची दीर्घिका धरली, तीही याच सावधपणाने. आणि सगळे गुच्छ यादीत ठेवूनही सांख्यिकी अभ्यासासाठी फक्त १६८२ वापरावेत असं त्यानेच बजावलं.

त्याच प्लेटांवरून फ्रिट्झ झ्विकीने दुसरी यादी केली. १९३३ साली कोमा गुच्छातल्या दीर्घिका इतक्या वेगाने पळताहेत की दिसणारं द्रव्य त्यांना बांधून ठेवायला अपुरं आहे, असं म्हणणारा तोच हा झ्विकी. त्याचा नियम निराळा होता. दीर्घिकांची दाटी आजूबाजूच्या दुप्पट जिथपर्यंत आहे तिथपर्यंत रेघ ओढायची. आत जे येईल तो गुच्छ. १९६१ ते ६८ या काळात सहा खंड निघाले, नोंदी नऊ हजारांवर.

आकाश एकच, प्लेटाही त्याच. याद्या मात्र तिप्पट-चौपट फरकाच्या. मग स्लोन सर्वेक्षण आलं. २००७ ची मॅक्सबीसीजी यादी १३,८२३ ची, २०१४ ची रेडमॅपर साधारण पंचवीस हजारांची, आणि आता हे पंधरा लाख. दुर्बिणी खोल पाहू लागल्या हे खरं, पण निम्मा फरक उंबरठ्याचा आहे. कुणी पन्नास म्हणतं, कुणी वीस, कुणी सहा-सात. यादी किती लांब आहे यापेक्षा तिने काय वगळलं आणि कोणत्या नोंदीवर तिचाच विश्वास कमी आहे, हे मी आधी पाहते. मुलाला म्हटलं, आपण पंधरा लाखांना तोड देत नाही आहोत. काही नमुने उचलून, यंत्राचा हात कुठे घसरतो ते पाहतो आहोत.

तो चहा संपवून परत बसला. पटलं की चहामुळे, कळायला मार्ग नाही.

५.१५

घरी जाताना राजवाडे संशोधन मंडळात पाच मिनिटं. एक पुस्तक परत करायचं होतं. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच गेले, आणि पुढच्याच महिन्यात हे मंडळ उभं राहिलं. गावोगाव हिंडून कागद गोळा करणारा माणूस ज्या गावात शेवटी टेकला, त्या गावात राहून यादी करणं हलकं काम आहे असं मला कुणी सांगू नये.

खानदेशात ज्ञान जपण्याचा याहून जुना दाखला आहे. चाळीसगावजवळ पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन चालू राहावं म्हणून मठ काढला आणि त्याला देणगी मिळाली, अशी त्यात नोंद आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात जगापुढे आणला. नारळीकर सरांनी १९८८ मध्ये पुण्यात आयुका सुरू केली तीही अशाच हेतूने, की विद्यापीठांत आणि कॉलेजांत शिकवणाऱ्यांना संशोधनाला एक घर असावं. उन्हाळ्याच्या सुटीत रातराणीने पुण्याला जायचं, तिथल्या ग्रंथालयात आणि संगणकांवर बसायचं, परत येऊन उष्मागतिकी शिकवायची. ही सोय नसती तर मी पहाटे फक्त पाणीच भरलं असतं. नारळीकर सर मे महिन्यात गेले. त्या दिवशी आमच्या गटाची बैठक होती. झाली, पण कुणी काही तपासलं नाही.

६.४५

मोठ्या दिरांच्या शेतावर भरीत-पुरीचा बेत. साक्री रस्त्याला आत, गावाच्या उजेडापासून बऱ्यापैकी लांब. पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजताहेत, धूर नेमका माझ्याकडे.

जेठांना आकाशाची हौस आहे. “दाखव बरं तुझं ते सरस्वतीचं.” भाद्रपदांचा चौकोन आत्ता बरोबर डोक्यावर आहे, आमच्या अक्षांशावर तो माथ्यावरूनच जातो. तिथून दक्षिणेला उतरायचं. खाली एकटाच ठळक शनी. शनीच्या वर तीन बोटं, तो भाग. “तिथे तर काहीच नाही,” जेठ म्हणतात. बरोबर आहे. नुसत्या डोळ्यांना तिथे काही दिसत नाही.

२०१७ च्या जुलैमध्ये जॉयदीप बागची, शिशिर संख्यायन, सोमक रायचौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ‘काहीच नाही’मध्ये किमान ४३ गुच्छ व गट एका साखळीत गुंफलेले असल्याचं प्रसिद्ध केलं. अंतर चारशे कोटी प्रकाशवर्षं, पसारा साठ कोटी, वस्तुमान सुमारे दोन कोटी अब्ज सूर्यांइतकं. आधार होता स्लोन सर्वेक्षणाने विषुववृत्तालगतच्या ‘स्ट्राइप ८२’ या पट्ट्यात घेतलेल्या वर्णपटांचा.

त्या साखळीतले दोन भारदस्त मणी म्हणजे एबेल २६३१ आणि झेडडब्ल्यूसीएल २३४१.१+००००. नावं पाहा. पहिला एबेलच्या यादीतला, दुसरा झ्विकीच्या. दुसऱ्याचं नाव हा त्याचा पत्ताच आहे: विषुवांश २३ तास ४१.१ मिनिटं, क्रांती शून्य, म्हणजे खगोलीय विषुववृत्तावरच. काचेवर रेघ ओढून कुणी त्याला यादीत घेतलं तेव्हा महासमूहाची कुणाला गंधवार्ता नव्हती. बागची त्याच्याकडे २००२ च्या आधीच वळले होते; पुढे नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने तिथे गुच्छांच्या टकरीतून उमटलेल्या रेडिओ-खुणा दोन्ही बाजूंना पाहिल्या. झ्विकीच्या यादीतली ती नोंद तेव्हा ‘फारशी स्पष्ट नाही’ म्हणून गाळली गेली असती तर पुढच्यांनी नेमकं तिथे का पाहिलं असतं?

जेठांना यातलं किती पोहोचलं माहीत नाही. ते म्हणाले, “वांगी जळतील.” भरीत फर्मास झालं होतं. कांद्याची पात, शेंगदाणे, खोबरं, आणि तेल घालताना कुणीच हात आखडत नाही.

९.३०

बैठक, फोनवरच. आवाज तुटतो म्हणून व्हिडिओ बंद.

आज वाद माझ्या आवडत्या रकान्यावरून. पुण्याच्या मुलाचं म्हणणं, ‘शंका’ काढून टाकू. यादी वापरणाऱ्याला हो की नाही एवढंच हवं असतं. मधलं सगळं ‘नाही’त ढकललं की यादी स्वच्छ. बंगळुरच्या बाई त्याच्या बाजूच्या. स्वच्छ यादीचा मोह मला समजतो. पण गुच्छ मोजायचे कशाला? कोणत्या काळात किती वजनाचे किती गुच्छ होते, यावरून विश्वात एकूण द्रव्य किती आणि ते किती गोळा झालं हे काढतात. मोजणी एकीकडे झुकली की विश्वच झुकतं. २०२० मध्ये डार्क एनर्जी सर्व्हेने लाल रांगेवरून निवडलेले गुच्छ मोजले, तेव्हा द्रव्याचं प्रमाण इतर सगळ्या मोजण्यांपेक्षा बरंच कमी आलं. त्यांनी स्वतःच बोट ठेवलं ते कमी दीर्घिकांच्या, लहान गुच्छांवर. मोठे गुच्छ कुणालाही ओळखता येतात. आमच्या ‘शंका’ रकान्यात पडतात ते नेमके हे लहान.

सोलापूरचे सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आता रुबिन वेधशाळा आली. जूनमध्ये तिची पहिली चित्रं आली, कन्या गुच्छाच्या दिशेच्या एका चित्रात कोटभर दीर्घिका. दहा वर्षं ती हेच करणार. त्या ढिगातून डोळ्याने तपासायला कुणाकडे वेळ असेल? यंत्राला शिकवावं लागेल आणि ते शिकेल आपल्या खुणांवरून. आपण शंका लपवली तर यंत्रही खात्रीने चुकीचं बोलायला शिकेल.

यावर पुण्याचा मुलगा नरमला, पण अट घालून. नुसतं ‘शंका’ चालणार नाही. प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहायचं, एका ओळीत: दोन अंतरं दिसतात, ताऱ्याची झळाळी आहे, मधली मोठी दीर्घिका कोणती ते ठरत नाही, जे असेल ते. ज्याला कारण सुचणार नाही त्याने हो किंवा नाही यांपैकी एक निवडावं. आणि ज्याच्या ओळी त्यानेच भरायच्या, शुक्रवारच्या आत.

सगळ्यांना मान्य. माझ्या वाट्याला सगळ्यांत जास्त ओळी आल्या. ‘शंका’ सगळ्यांत जास्त मीच लिहिते.